चौथ्या घरातून

१

ऋचा आणि तिच्या सासूबाई कधी भेटल्याच नाहीत. सुहासिनीबाई भाद्रपदात गेल्या आणि माघात केयूरचं लग्न झालं. घरात कुणी गेलं की मंगलकार्य एकतर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं केयूरच्या आत्यानं दोन्ही घरच्यांना ऐकवलं, आणि तीन वर्षं थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. मग लग्न झालं, पण बेतानं. बँडला नाही म्हणून कळवलं. पंगतीत आग्रह करतानासुद्धा लोक कुजबुजत होते. हिरवा चुडा भरून ऋचा कोथरूडच्या त्या फ्लॅटच्या दारात आली तेव्हा माप ओलांडून घ्यायला कुणी बाईमाणूस हवं म्हणून आत्याच थांबली होती. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन तीही गेली.

उरले तिघं. केयूर सकाळी हिंजवडीची बस पकडायचा तो दिवेलागणी उलटून गेल्यावरच उगवायचा. ऋचाचं काम घरूनच. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी जन्मात कुणी वाचत नाही, ती मराठीत लिहायचं काम. तिसरे सासरे. श्रीनिवासराव पुलांची आणि कालव्यांची डिझाइन करत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला त्यांची सोल्डरिंग गन, अशी त्या दोघांची दुपार जायची. वैशाखातली पुण्याची कोरडी दुपार. पंख्याची घरघर, आणि मधूनच गरम टोकाचा चुर्र आवाज आणि राळेचा वास.

"बाबा, हे काय आहे?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कॅल्क्युलेटर."

"ते दिसतंय."

"मग विचारलंस कशाला?"

ती हसली. ते हसले नाहीत, पण खुर्ची जराशी बाजूला सरकवून त्यांनी तिला बघायला जागा करून दिली. नवीन घरात कुणी आपणहून दिलेली ती पहिलीच जागा होती, आणि ऋचाला ती फार आवडली.

२

कॅल्क्युलेटर चौऱ्याऐंशी सालचा होता. कंपनीनं ट्रेनिंगला अमेरिकेत पाठवलं तेव्हा श्रीनिवासरावांनी स्वतःसाठी आणला आणि आठवड्याभरात तो बायकोनं बळकावला. सुहासिनीबाई कॉलेजात गणित शिकवायच्या. या यंत्राला नुसत्या बेरजा येत नव्हत्या, त्याला प्रोग्रॅम शिकवता यायचा. आणि त्याच्या अरुंद काचेवर अक्षरंही उमटायची, इंग्रजी आणि काटेरी, पण त्यांत मराठी लिहिता यायचं.

"मी साइटवरून यायचो अवेळी," श्रीनिवासराव म्हणाले. "हिचं सकाळचं लेक्चर, ही झोपलेली. मग हा टेबलावर ठेवायची. मी बटण दाबलं की हा विचारायचा, आलात? हो म्हणायला एक, नाही म्हणायला शून्य. मग विचारायचा, जेवलात? खोटं एक दाबलं की लगेच, काय जेवलात?"

"मग?"

"मग काय. भात गरम करून घ्यायचो."

तो प्रोग्रॅम वाढत गेला. प्रत्येक भांडणानंतर, प्रत्येक आजारपणानंतर त्यात एकदोन प्रश्न नवीन पडायचे. शेवटी तो यंत्राच्या मेमरीत मावेना. तेव्हा सुहासिनीबाई बोटाएवढ्या चुंबकीय पट्ट्यांवर त्याचे तुकडे साठवायला लागल्या आणि हवा तो तुकडा यंत्राला भरवायच्या. अख्खा प्रोग्रॅम एकदम कधीच चालला नाही. निवृत्तीनंतर करू, म्हणत राहिल्या. पट्ट्या बडीशेपेच्या डब्यात होत्या.

आता श्रीनिवासरावांना तो अख्खा चालवायचा होता. एकदाच. हे सांगताना ते ऋचाकडे न बघता राळ खरवडत होते.

अडचण जागेची होती. यंत्राच्या माथ्यावर चार खाचा. त्यांना ते घरं म्हणत. मेमरीचं एक मॉड्यूल एका घरात बसतं. प्रोग्रॅमला चार मॉड्यूलं लागणार. पण चौथ्या घरात पट्ट्या वाचणारं उपकरण बसवावं लागतं, म्हणजे मॉड्यूलांना उरली तीन.

"मॉड्यूलला स्वतःचा नंबर माहीत नसतो," ते म्हणाले. "ज्या घरात बसवाल त्या घराचा नंबर ते लावून घेतं. तो नंबर ज्या वाटेनं पोचतो, ती वाट आपण एका मॉड्यूलमध्ये तोडायची आणि तार दुसरीकडे जोडायची. मग त्याला पहिल्याच घरात, तिथल्या मॉड्यूलच्या पाठीवर चिकटवून ठेवायचं. बसलेलं असेल पहिल्यात, पण चौथ्याच्या नावानं हाक मारली की ओ देईल."

"आणि चौथ्या घरात?"

"तिथे पट्ट्या वाचणारं बसतं, मेमरी नाहीच. जागा रिकामी आहे. म्हणून तर जमतंय."

त्यांच्या हाताला कंप होता. दोन मॉड्यूलं त्यांनी आधीच जाळली होती. तिसरं ते बराच वेळ हातात धरून बसले, मग टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

"तुझा हात स्थिर आहे. आणि ती गन म्हणजे पळी नव्हे. ढवळायची नाही. टेकवायची आणि उचलायची."

वाट ऋचानं तोडली. केसाएवढी तार ऋचानंच जोडली. तोवर त्यांनी तिला एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला होता: यंत्र बंद केल्याशिवाय घरातून काही काढायचं नाही, घालायचं नाही. असले नियम ठळक टाइपात लिहिणं हेच तिचं पोट भरायचं काम असल्यानं तिला त्याची गंमत वाटली.

३

पट्ट्या भरवल्या. एकेक पट्टी घरघरत आत जायची आणि पलीकडून बाहेर यायची. चाळीस वर्षांच्या पट्ट्या, तरी बहुतेक वाचल्या गेल्या. शेवटी यंत्र आणखी एक मागत थांबलं. डब्यात पट्टी उरली नव्हती. माळा, कपाटं, सुहासिनीबाईंची जुनी पर्स, सगळं शोधून झालं.

"राहू दे," श्रीनिवासराव म्हणाले. "शेवटाशिवाय चालेल. शेवटाची घाई कुणाला आहे?"

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लागल्यावर त्यांनी बटण दाबलं. यंत्रानं एक बारीक शीळ घातली, आणि काचेवर अक्षरं सरकली: आलात?

त्यांनी एक दाबला. मग ते हसायला लागले आणि हसतहसतच त्यांनी चष्मा काढून ठेवला. ऋचा भांडी आवरायच्या निमित्तानं आत गेली. बाहेरून शिळा येत राहिल्या, मधे मधे थांबून. प्रश्न, मग त्यांचं उत्तर, मग प्रश्न.

मग ते रोजचंच झालं. दिवा लावायचा आणि बटण दाबायचं. ऋचा आत पोळ्या लाटायची. शीळ, शांतता, शीळ. तिला ते बरं वाटायचं. घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटायचं, आणि तसं वाटण्यात तिला काही वावगं दिसलं नाही.

एका संध्याकाळी शीळ ऐकू आली आणि पुढची शांतता नेहमीपेक्षा लांबली. ऋचानं तव्यावरची पोळी उलटली आणि आतूनच म्हणाली,

"गुडघ्याला तेल लावलंत का? महानारायण संपलं असेल तर मोहरीचं लावा, काही बिघडत नाही."

बाहेर खुर्ची करकरली. श्रीनिवासराव दारात येऊन उभे राहिले, हातात यंत्र. ते त्यांनी तिच्यापुढे धरलं. काचेवर शेवटची अक्षरं सरकत होती. मोहरीचं लावा.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही लंगडत होतात सकाळी."

ते खरं होतं. सासरा लंगडतोय म्हटल्यावर कुठलीही सून विचारील. तव्यावरची पोळी करपली, आणि त्या वासात ते दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. महानारायण तेल हा शब्द ऋचानं त्यापूर्वी कधी उच्चारला होता का, हे तिला आठवेना.

४

लग्नापूर्वी स्वयंपाकघर नवीन करून घेतलं होतं. गुळगुळीत पांढरी कपाटं, हात लावला की उघडणारी. मीठ गॅसखालच्या खणात. ऋचानं ते स्वतःच तिथे ठेवलं होतं.

तरी भाजी फोडणीला टाकली की तिचा उजवा हात वर जायचा. गॅसच्या वरती, डाव्या बाजूला. तिथे नुसती फरशी होती. हात फरशीला लागायचा, बोटं काहीतरी पकडायला वाकायची, आणि मग तिला कळायचं.

"तिथे शेल्फ होतं," केयूर म्हणाला. रविवार होता, तो ओट्याला टेकून काकडी खात होता. "आई मीठ तिथेच ठेवायची. बाबांनी सांगितलं तुला?"

"नाही."

"मग?"

"सवय असेल माझी. सांगलीला आमच्याकडेही असंच होतं बहुतेक."

सांगलीच्या घरात मीठ कुठे होतं, ते तिनं आठवून बघितलं. ओटा आठवला. खिडकी आठवली. मिठाच्या जागी काही दिसेना.

असं होतं, तिनं स्वतःला समजावलं. नवीन घर, नवीन माणसं, डोकं भरलंय. माहितीपुस्तिकेत आपण नाही का लिहीत, यंत्र प्रथम वापरताना थोडा आवाज येणं स्वाभाविक आहे.

पुढच्या आठवड्यात केयूर ऑफिसातून आला, बूट काढले आणि तसाच ओल्या मोज्यांनी आत निघाला. खाली कुणाची तरी टाकी वाहत होती. ऋचा कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"भोपळ्या, पाय पूस आधी."

केयूर जागच्या जागी थांबला. ते नाव त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. आठवीत असताना आईनं त्याच्या मित्रांसमोर ते घेतलं म्हणून तो तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता, हेही नाही. त्यानं पाय पुसले, सावकाश, दोन्ही. मग तो तिच्याशेजारी बसला.

ऋचा वाट बघत होती. आता हा विचारील, तुला कसं माहीत. विचारलं की ती सांगणार होती, सगळं, तेल आणि मीठ आणि तो वर जाणारा हात.

"पुन्हा म्हण ना," केयूर म्हणाला.

तो तिच्याकडे बघत नव्हता. खाली कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत होता, आणि त्याचा आवाज आठवीतल्या मुलाचा होता.  या घरात आपल्याला थांब असं कुणीच म्हणणार नाही, हे ऋचाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिनं पुन्हा म्हटलं. नाही म्हणायचं धैर्य तिला झालं नाही.

५

आईचा फोन रोज दुपारी यायचा. सांगलीला जेवणं उरकली की आई पलंगावर आडवी व्हायची आणि फोन लावायची. बोलण्यात विशेष काही नसायचं. शेजारच्यांची गच्ची गळते, तुझी निळी ओढणी इथेच राहिली, असलं.

त्या दुपारी ऋचानं फोन उचलला.

"झालं का गं जेवण?"

"कोण बोलतंय?"

"कोण काय, मी बोलतेय."

"मी म्हणजे?"

पलीकडे आई हसली. "बरी आहेस ना गं? लग्न झालं म्हणून एवढा भाव खायचा?"

ऋचा त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होती. मध्यमवयीन बाईचा आवाज, कृष्णेकाठचा, जरासा घशातून येणारा. चांगल्या घरातली वाटत होती. कुठल्यातरी विद्यार्थिनीची आई असेल. परीक्षेच्या दिवसांत येतात असे फोन.

"बाई, आपल्याला कोण हवंय?" तिनं विचारलं, अगदी अदबीनं.

आई हसायची थांबली.

"ऋचे," ती म्हणाली.  मग, "ऋचे, अगं असं काय करतेस?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला श्रीनिवासरावांच्या हातातली गन हवेत थांबली होती. ऋचानं फोनच्या काचेवर बघितलं. आई असं लिहिलेलं होतं, आणि शेजारी एका बाईचा फोटो. तो चेहरा हळूहळू ओळखीचा झाला, गार काचेवरची वाफ उतरावी तसा. तोवर पलीकडून फोन बंद झाला होता.

तिनं लगेच उलट फोन लावला, मस्करी केली म्हणाली, रेंज नव्हती म्हणाली, दोन्ही एकदम म्हणाली. आईनं बरं म्हटलं. पण फोन ठेवताना आईनं तिला दोनदा नावानं हाक मारली, आणि दोन्ही वेळा ऋचानं ओ देईपर्यंत ती थांबली.

६

"बाबा, एक विचारू?" ऋचानं लॅपटॉप मिटला. "एकाच घराच्या नावानं दोन मॉड्यूलं बसवली तर?"

 श्रीनिवासरावांनी गन स्टँडला लावली.

"हाक मारली की दोन्ही ओ देतात," ते म्हणाले. "सुरुवातीला घोळ होतो. मधेच एकाचं ऐकू येतं, मधेच दुसऱ्याचं. मग ज्याचा जोर जास्त त्याचंच येत राहतं."

"आणि दुसरं? बिघडतं?"

"नाही. असतं तिथेच. नुसतं ऐकू येत नाही."

पंखा फिरत होता. खाली भंगारवाल्याची हाळी गेली.

"चौथी जागा रिकामी आहे म्हणालात तुम्ही."

"यंत्रातली म्हणालो होतो."

"बाबा."

"कळलंय मला," ते म्हणाले. "तू तेलाचं म्हणालीस तेव्हाच कळलं. पट्टीवर तो प्रश्न नाही. आता जे विचारतोय तो, त्यातलं निम्मं पट्ट्यांवर नाही. माझी गोळी बदलली ते परवा विचारलं त्यानं. गोळी मागच्या महिन्यात बदलली, ऋचा."

"मग काढा ते."

 त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कुणी लावून दिलं नव्हतं. ऋचाला राग आणायचा होता आणि येत नव्हता.

"दवाखान्यात तिला बोलता येत नव्हतं शेवटी," ते म्हणाले. "नळी होती. मीच बोलत होतो. आजची संध्याकाळ राहू दे. आज मी विचारतो तिला, आणि काढतो. तुझ्यासमोर काढतो. समोर बस तू."

ऋचानं बरं म्हटलं. ही आपली चूक होते आहे, हे तिला म्हणतानाच कळत होतं. पण एका संध्याकाळपुरतं या माणसाला नाही म्हणणारी सून तिला व्हायचं नव्हतं, आणि हा विचार तिचाच होता की नाही, हे तपासून बघायला ती विसरली.

७

दिवा लागला. केयूरला यायला अवकाश होता. ऋचा टेबलाशी त्यांच्यासमोर बसली, हात मांडीवर. टेबलावर यंत्र, शेजारी काही नाही. त्यांनी पसारा आवरून ठेवला होता आणि शर्ट बदलला होता.

आलात? एक.

जेवलात? शून्य.

मग यंत्र थांबलं. इतका वेळ की काच विझेल असं वाटलं. शीळ आली ती नेहमीपेक्षा खालच्या सुरात, आणि अक्षरं सरकली नाहीत. तीनच इंग्रजी अक्षरं, मधोमध उभी.

येऊ?

श्रीनिवासरावांनी ऋचाकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी ते बघितलं, हे तिनं बघितलं. त्यांचं बोट शून्यावर गेलं, तिथे राहिलं, आणि मग त्यांनी एक दाबला.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

हात ओले होते; तिनं ते पदराला पुसले. बाहेर टेबलाशी ते बसले होते, पाठ दाराकडे. किती वाळलेत. मानेवरचे केस कापायला झालेत, कुणी सांगितलेलं दिसत नाही. शर्ट मात्र ठेवणीतला. आज काय आहे?

त्यांच्या समोर एक मुलगी बसलेली होती. शेलाटी, हातात हिरवा चुडा, नव्या नवरीसारखी. चेहरा दाराकडेच होता. डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांमागे कुणी नव्हतं. बाहेरगावी गेलेल्या माणसांच्या घराच्या खिडक्या दिसतात तसं.

गोड मुलगी. कोण बरं ही?

मग तिला एकदम दमल्यासारखं झालं. हे काम करून आलेलं दमणं नव्हतं. रोज कुणीतरी हाक मारतं, आणि जिथे कुठे असू तिथून उठून यावं लागतं, त्याचं हे दमणं होतं. दिवा लागला की हाक, दिवा लागला की हाक.

"अहो," ती म्हणाली. "ही कुणाची मुलगी?"

त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. ते वळले नाहीत.

"सुहास," ते म्हणाले.

"मी काय विचारतेय? कुणाची आहे? तिच्या घरी कुणी वाट बघत असेल की नाही?"

"थोडा वेळ बस ना."

"रोज काय बसायचं? बोलवायचं, गुडघा दुखतो म्हणून सांगायचं, झालं. मोहरीचं तेल तुम्हांला स्वतःला सापडत नाही का?"

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, तिला पाठीवरून कळेना. चाळीस वर्षांत तिला ते कधी पाठीवरून कळलं नव्हतं.

"काढा ते," ती म्हणाली, आणि मग जरा हळू, "काढा हो."

त्यांनी यंत्र बंद केलं नाही. तसंच चालू असताना पहिल्या घरात नख घातलं आणि मॉड्यूल ओढून बाहेर काढलं. शीळ सुरू झाली ती लांबत गेली, लांबत गेली आणि मधेच तुटली.

ऋचा खुर्चीत बसलेली होती. समोर सासरे, त्यांच्या मुठीत काळं प्लॅस्टिक. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून बघत होते. तिथे नुसतं दार होतं आणि आतला दिवा. त्यांना वळायला उशीर झाला होता.

८

यंत्र नंतर चालू झालं नाही. "चालू असताना काढलं," श्रीनिवासराव म्हणाले. "शिकाऊ पोरगासुद्धा करत नाही." त्यांनी ते उघडून बघितलं नाही.

ऋचाचा हात फोडणीच्या वेळी खालच्या खणाकडे जायला लागला. दुपारी आईचा फोन आला की तिच्या पहिल्या श्वासालाच ती आईला ओळखायची. केयूरनं एकदा, दिवा मालवल्यावर, चाचरत विचारलं, ते नाव पुन्हा घेशील का. तिनं घेतलं. नाव तेच होतं आणि आवाज तिचा होता. केयूर थँक्यू म्हणाला आणि कुशीवर वळला, आणि बायकोला थँक्यू म्हणणारा नवरा आपल्या शेजारी किती वेळ जागा आहे, ते ऋचा ऐकत राहिली.

एका दुपारी श्रीनिवासरावांनी विचारलं. हातात पेपर होता, तो खाली न ठेवता.

"तू तिथे होतीस. म्हणजे, आत. तिला बरं वाटलं ना? आल्याचं?"

ऋचाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. कपाटात आणखी मॉड्यूलं होती, सोल्डरिंग गन खणात होती, आणि जुने कॅल्क्युलेटर इंटरनेटवर मिळतात. हो म्हटलं तर हा माणूस आज नीट जेवेल. हो म्हटलं तर महिन्याभरात टेबलावर पुन्हा राळेचा वास येईल, आणि तार जोडायला ते तिला म्हणणार नाहीत, स्वतःच्या कापऱ्या हातानं जोडतील.

"दमल्या होत्या, बाबा."

पेपर हलला नाही.

"फार?"

"फार. त्यांना यायचं नव्हतं."

 मग पेपराच्या मागून ते म्हणाले, "दमले म्हणून कधी बोलली नाही हो ती. एकदासुद्धा नाही." आणि मग, "बरं झालं सांगितलंस." त्यांनी पान उलटलं. ते मघाशीच वाचून झालेलं पान होतं.

त्या संध्याकाळी ऋचा स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दिवा लावला नाही. कणीक मळायची होती. परात काढली, पीठ घेतलं, आणि ती तशीच उभी राहिली. खाली पार्किंगमध्ये कुणी स्कूटर लावली. शेजारी टीव्ही लागला. दिवेलागण झाली आणि हळूहळू होऊन गेली.

आपण वाट बघतो आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाहेरून कुणी हाक मारली नव्हती. रोजची वेळ टळून गेली होती आणि कुणी हाक मारली नव्हती, आणि तिला रडू यायला लागलं, पोटातून, थांबवता न येणारं. एवढं रडण्यासारखं तिचं स्वतःचं काही गेलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसाराचं रडू होतं ते, आणि तिच्या लग्नाला चार महिने झाले होते.

श्रीनिवासराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दिवा लावला नाही. ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बाई, अंधार, हलणारे खांदे. ऋचानं वळून बघितलं तेव्हा त्यांचे ओठ उघडलेले होते आणि पहिलं अक्षर त्यांच्या जिभेवर आलेलं तिला दिसलं. कुठलं, तेही दिसलं.

त्यांनी ती हाक मारली तर आपण ओ देऊ, हे तिला कळलं. आता यंत्राची गरज उरली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. तिला तोंडातून नको म्हणायचं होतं, आणि म्हणता येत नव्हतं.

श्रीनिवासरावांनी तिच्याकडे बघितलं, किती वेळ कोण जाणे. मग त्यांनी ओठ मिटले, दार हलकेच ओढून घेतलं, आणि ते बाहेरच्या खोलीत अंधारातच जाऊन बसले.